दादाचा एकच सूर

पन्नाशी उलटल्यावर चष्मेवाला गाण्याची बांधणी शिकायला निघाला, तेव्हा त्याच्या बायकोने एवढंच विचारलं, "आधीच्या छंदांनी काय घोडं मारलं होतं?" आधीच्या छंदांतून एक अर्धवट स्टूल निष्पन्न झालं होतं, ते पायाने बाजूला सारून तो निघाला.

खरं कारण होतं दादा, त्याचा थोरला भाऊ. दुकान दोघांचं. हा डोळे तपासायचा, दादा काचा घासायचा. शनिवारी दोघं वाचनालयाच्या हॉलमधल्या गानमंडळात जायचे, आणि तिथे मुख्य चाल दादाच गायचा. बाकीचे त्याच्या मागून. मग दादाच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. बोलणं कसंबसं परत आलं, गाणं काही आलं नाही. आवाज वर जाईना, खाली येईना. उरला एकच सूर, तोही जाडाभरडा. मंडळी म्हणाली, "दादा, तुम्ही आपले नुसते समोर बसून ऐका ना." त्या दिवसापासून दादा घराबाहेर पडेना. दुकानातसुद्धा नाही.

"दिवसभर भिंतीकडे बघत बसतात," वहिनी म्हणाली. "काहीतरी करा हो, भावजी. मला भीती वाटते."

म्हणून दादाच्या त्या एका सुराला जागा असेल असं गाणं बांधायचं ठरवून हा मंडळाची गाणी बसवणाऱ्या बाईंकडे गेला. बाई म्हणाल्या, "चाल म्हणजे रस्त्याने निघालेला माणूस. ठेका म्हणजे त्याची पावलं. आणि हार्मनी म्हणजे सोबतची माणसं. बरोबर चालायचं, पण पायात पाय घालायचा नाही." चष्मेवाल्याने मान डोलावली, घरी गेला आणि व्यवस्थित पायात पाय घातला.

आयुष्य गेलं लोकांचे नंबर भरून काढण्यात. दादाचा सूर कमी पडतो ना? मग त्याच्यावर चार दणदणीत गळे चढवले. जिथे म्हणून फट दिसली तिथे ठेका ठासून भरला. कीबोर्डवर वाजवून दाखवलेलं ते सगळं बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हे त्यांचे उपकार.

"ह्यात तुमचे दादा कुठे आहेत?"

"आहेत की. खाली."

"खाली म्हणजे? पुरलेत का?"

पुढे काही दिवस चष्मेवाला तोंड पाडून हिंडला. मग एकदा तो एका गृहस्थांचे डोळे तपासत होता. नाकावर लोखंडी चौकट, त्यात एकेक काच घालायची आणि विचारायचं, "हे बरं, की हे बरं?" विचारता विचारता तो थबकला. तक्त्यावरचं अक्षर कुठे हलतंय? बदलतात त्या काचा! गृहस्थांना चौकटीसकट तिथेच सोडून तो मागच्या खोलीत कीबोर्डपाशी गेला. त्या गृहस्थांनी पुढे दुसरीकडे चष्मा केला, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

एका बोटाने दादाचा सूर दाबून धरायचा आणि भोवतालचे सूर बदलत जायचं. हे बरं, की हे बरं? जिथे खटकेल तिथे सोबत बदलायची, दादा नाही. एके ठिकाणी काही केल्या जमेना, तिथे त्याने खुद्द चालच थोडी वाकवली. ठेका निम्म्याने काढून टाकला. बाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "आता बरं. सगळ्यांना शिकवते मी. दादांना आणायचं तुम्ही बघा."

वहिनीने दादाला तालमीला आणलं, म्हणजे जवळजवळ ओढून आणलं. "मला सांभाळून घेताय," तो येता येताच म्हणाला. "कळतं मला."

गाणं सुरू झालं. दात काढून घ्यायला बसल्यासारख्या चेहऱ्याने दादाने सूर धरला. दुसरं कडवं लागलं, आणि आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही हे एकदाचं दाखवून द्यावं म्हणून त्याने मुद्दाम तोंड मिटलं. हाताची घडी घातली.

बायकांचा सूर वर सरकला. पुरुष तो शोधायला निघाले आणि भलतीकडेच पोचले. ठेका थोडा वेळ एकटाच चालला, मग ओशाळून थांबला.

"का थांबलात?" दादाने विचारलं.

"तुम्ही थांबलात म्हणून," बाई म्हणाल्या. "आता कशाच्या आधाराने गायचं ह्यांनी?"

दादाने एकेकाचं तोंड बघितलं. कुणी समजूत काढत नव्हतं. उलट सगळे चिडलेलेच होते. चष्मेवाल्याला रडू आलं. त्याने ते लपवलं नाही, लपवण्याइतकं ते थोडं नव्हतंच.

"म्हणजे आता एखाद्या शनिवारी आजारी पडायचीसुद्धा सोय ठेवली नाहीस मला," दादा त्याच्यावर खेकसला.

"नाही ठेवली."

"गाढव आहेस," दादा म्हणाला. आवाज आधीच जाडाभरडा, त्यात आणखी भरून आला होता. "घ्या, दुसऱ्या कडव्यापासून घ्या."