मी ‘नाय’चं ‘नाही’ केलं

आमच्या कॉलेजातल्या मुलांनी गप्पांचं एक मंडळ चालवलंय. त्याला सगळे ‘सतरंजी’च म्हणतात. महिन्यातून एकदा, मराठी विभागाच्या मागच्या खोलीत, पंचवीसेक मुलं आणि एक पाहुणा. स्टेज नाही, माइक नाही, शाल-श्रीफळ तर नाहीच. पाहुण्यानेही सतरंजीवरच बसायचं. दार बंद. जे आजवर कुणापुढे बोलला नाहीत ते बोला, एवढंच मागणं. मंडळाची जबाबदारी असलेला प्राध्यापक मी. एरवी फारसा न बोलणारा. न बोलण्याने माणूस सज्जन दिसतो, हे मला फार लवकर कळलं होतं.

यंदा मुलांनी पंचवटीत फुलं विकणाऱ्या एका मावशींना बोलावलं. गावाबाहेर त्यांचा झेंडूचा मळा आहे, भावासोबत कसतात. बाजारात दोघं एकाच गाळ्यावर बसतात. मावशी आधी अवघडून बसल्या. मग मंडळाची सेक्रेटरी, हरसूलकडची एक मुलगी, म्हणाली, “मावशी, शाळा का सुटली तुमची?”

मावशींनी पदराने तोंड पुसलं.

“मी नाय म्हनायची, म्हनून गुरुजी मारायचे. पाटी आनली का? नाय. की छडी. म्हनायचे, नाय काय गं, नाही म्हन! जीभ वळायचीच नाय. मंग मी बोलायचंच सोडलं. मंग शाळा सोडली. घरी वाटलं, पोरगी उद्धट हाय, गुरुजींना उलटून बोलती. माझा भाऊ तर आजून म्हनतो. आज पैल्यांदा सांगते, मी उद्धट नव्हते.”

मी मान डोलावत होतो.

मंडळाचा रिवाज असा, की सेक्रेटरीने पाहुण्याला विचारून फोनवर रेकॉर्ड करायचं, ते ऐकून जसंच्या तसं लिहायचं, मी शुद्ध करायचं आणि ते वार्षिक अंकात छापायचं. शुद्ध! हा शब्द लिहितानाही आता माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मावशींचं बोलणं काय गढूळ होतं, की मी ते गाळून घ्यावं?

मी लाल पेन घेऊन बसलो. ‘हाय’चं ‘आहे’, ‘मंग’चं ‘मग’. हात सवयीने चालत होता. मीही खेड्यातलाच, चांदवडकडचा, घरी कांद्याची शेती. ‘हाय’ म्हटल्यावर वर्गात हशा पिकायचा, म्हणून ओठ दुमडून दुमडून मी ‘आहे’ शिकलो. माझी आई म्हणायची, “पुस्तकावानी नको बोलू रे, परक्यावानी वाटतं.”

तर त्या वाक्यापाशी आलो. ‘नाय’ खोडलं, ‘नाही’ केलं. वाक्य झालं, ‘मी नाही म्हणायचे, म्हणून गुरुजी मारायचे.’ पुढची पाटी-छडी पुनरुक्ती म्हणून काढली. ‘मी उद्धट नव्हते’ हे आता जुळेना, म्हणून तेही काढलं. उरली एक हट्टी मुलगी, गुरुजींना नकार देणारी, आणि तिला वळण लावता लावता वैतागलेले गुरुजी.

सगळ्यांना वाटतं हे नजरचुकीने झालं. नाही. माझा हात तिथे थांबला होता. मला दिसलं होतं. पण तपासणी समिती येणार होती, आणि “अंकात शिक्षकांविरुद्ध एक ओळ नको,” असं प्राचार्य बजावून गेले होते. मी पेनचं टोपण लावलं आणि चहाला गेलो.

अंक निघाला. सेक्रेटरी माझ्या टेबलाशी आली. अंक आपटलाच तिने.

“सर, मावशींनी हे सांगितलंच नव्हतं.”

“टायपिंगमध्ये झालं असेल.”

“टायपिंग मी केलंय. तुमचं लाल पेन बघून. तेव्हा वाटलं, तुम्ही मावशींना विचारलं असेल.”

प्रकरण प्राचार्यांपर्यंत गेलं. ते हसले. “एका शब्दाने काय आकाश कोसळतं? मुलीची टायपिंगची चूक, तिला समज द्या.” मुलगी माझ्याकडे बघत होती. मी समोरच्या पेपरवेटकडे. तिने त्याच दिवशी मंडळाचं काम सोडलं.

मी पंचवटीत गेलो. माफी मागायलाच गेलो होतो. तर गाळ्यावर अंक उघडा पडलेला, आणि भाऊच आधी ओरडला, “या सर, या! बरी पकडली तुम्ही हिला! आख्खा जन्म सांगतोय, ही उद्धट हाय. आता तर छापून आलं!” शेजारच्या गाळ्यावरचे हसले. मावशी हार ओवत राहिल्या. सुई एकदाही थांबली नाही. आणि मी, मराठीचा प्राध्यापक, अर्धा किलो झेंडू घेऊन घरी आलो. पिशवी दारात टेकवली तेव्हा कळलं, की माझ्या घरात हार करता येणारं कुणी नाही.

आठवडाभराने पुन्हा गेलो. या वेळी भावापुढेच उभा राहिलो आणि सांगितलं. त्या ‘नाय’ म्हणायच्या, नकार द्यायच्या नाहीत. छडी बोलीवर पडायची. छापलेलं खोटं आहे आणि ते मी जाणूनबुजून केलं.

भाऊ बहिणीकडे वळला. “मंग मला कधी सांगितलं का नाय तू?”

“सांगाया जायची,” मावशी म्हणाल्या. “तू मधीच उद्धट म्हनायचा.” मग माझ्याकडे वळल्या. “सर, मी सांगत व्हते तवा तुम्ही मान डोलवत व्हते.”

“हो.”

“त्या पोरीवर आळ आला म्हनं. तिला सांगितलं का हे?”

“नाही,” मी म्हणालो. इतक्या स्वच्छ उच्चारात, की माझीच मला चीड आली.

“मंग हितं काय करताय?” त्यांनी गिऱ्हाइकासाठी तराजू उचलला. माझ्याशी बोलणं संपलं होतं. माफबिफ काही केलं नाही त्यांनी. का करावं?

त्या मुलीला मी लायब्ररीच्या पायऱ्यांवर गाठलं. सगळं सांगितलं, चहासकट. म्हटलं, मंडळाचं काम पुन्हा हाती घे, आणि पुढच्या सतरंजीवर पाहुणा म्हणून मला बोलवा, हेच बोलतो.

“पाहुण्याचं आम्ही जसंच्या तसं लिहितो, सर.”

“तसंच लिही.”

“आणि शुद्ध कुणी करायचं नाही.”

“नाही.”

“दार बंद ठेवायचं असतं. रिवाज आहे.”

“उघडं ठेव,” मी म्हणालो. “प्राचार्यांना मीच सगळं सांगून आलोय.”