चौऱ्याण्णव सालची पुस्तकं, खाकी कव्हरांत

दुबईला उतरले तेव्हा माझ्या बॅगेत कपड्यांपेक्षा पुस्तकं जास्त होती, आणि त्यातलं एकही माझं नव्हतं. सगळी ऑस्ट्रेलियातली, सगळी एकाच वर्षी, १९९४ साली, प्रसिद्ध झालेली. अल ऐनला माझ्या दादाच्या शेजारी राहणाऱ्या हेलन नावाच्या ऑस्ट्रेलियन शिक्षिकेनं ती मला वाचायला दिली होती. त्यांच्यावर मी दिवाळी अंकात लेख लिहिला. आता हेलन शुक्रवारी कायमची मेलबर्नला निघाली होती आणि त्याआधी पुस्तकं तिच्या हातात पडायला हवी होती.

एकच वर्ष का? तर त्या वर्षी तिच्या नवऱ्याची, टॉमची, एकुलती एक कादंबरी आली होती. कुणी दखल घेतली नाही. पुढं टॉम गेला. मग हेलननं त्याच वर्षीच्या बाकीच्या कादंबऱ्या, कवितासंग्रह गोळा केले. त्या वर्षी टॉमच्या सोबतीला कोण कोण होतं ते तिला पाहायचं होतं. टॉमच्या पुस्तकाची तिच्याकडं एकच प्रत उरली होती आणि तीही याच बॅगेत होती, हे दादानं फोनवर मला इतकं बजावलं होतं की विमानात डोळ्याला डोळा लागला नाही.

आमच्या घरची रीत अशी, की दुसऱ्याचं पुस्तक आलं की आधी त्याला खाकी कव्हर घालायचं. मी घातली होती. वर शाळकरी लेबलं चिकटवून नावंही मराठीत लिहिली होती. कस्टमच्या तरुण अधिकाऱ्यानं एकेक पुस्तक उलटसुलट केलं.

"किताब को कपडा क्यों?"

मळू नये म्हणून, मी म्हणाले. त्यानं लेबलाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. झाकलेलं म्हणजे काहीतरी असणारच, असं कुणालाही वाटेल. पुस्तकं तपासणीसाठी ठेवून घेतली गेली. "बुक्रा (उद्या), इन्शाल्ला," तो म्हणाला.

बाहेर दादा उभा होता. ऐकून त्यानं माझी बॅग उचलली आणि गाडीकडं चालू लागला. अल ऐनच्या रस्त्यावर दोन्हीकडं तांबूस वाळू, कुंपणापलीकडं रेंगाळणारे उंट. एरवी मी दहादा गाडी थांबवायला लावली असती. वाटेत करक (आपलाच कडक चहा) आणि पराठा घेतला, पण माझा पराठा कागदात तसाच राहिला. टॉमचं पुस्तक गेलं तर हेलनला तोंड कसं दाखवू, हा एकच घोर.

"टेन्शन घेऊ नकोस," दादा शेवटी म्हणाला. "पण हेलनसमोर एकदम नॉर्मल राहा, प्लीज."

नॉर्मल राहणं मला कधी जमलंय? हेलन भेटायला आली तेव्हा मी टूथपेस्टपासून हवेपर्यंत सगळ्यावर बोलले. शेवटी वहिनीनंच सांगितलं की सामान मागून येतंय. 'उद्या' उजाडला, पण पुस्तकं सुटली नाहीत. दुसऱ्या दिवशी गुरुवार, नंतर सुट्टी. दादानं ऑफिसला दांडी मारली आणि आम्ही पुन्हा दुबई गाठली.

बराच वेळ बसवून तोच अधिकारी पिशवी घेऊन आला. पुस्तकं सगळी होती. कव्हरं काढलेली, पण एकही न फाडता, घड्या घालून रबर लावलेली. "माफी मुश्किल (काही अडचण नाही)," तो म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी हेलनच्या घरी खोक्यांखेरीज काही नव्हतं. तिनं आधी टॉमचं पुस्तक शोधलं आणि छातीशी धरलं. मग मी दिवाळी अंक काढला. तिला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, तरी टॉमबद्दल लिहिलंय ते मोठ्यानं वाच, म्हणाली. मी वाचू लागले. टॉमचं नाव आलं की ती मान वर करायची.

"मधे मधे येतात ती बाकीची नावं कुणाची?" तिनं विचारलं.

"त्याच वर्षीच्या लेखकांची. तुमच्याच कपाटातली."

"म्हणजे तिथं तो त्यांच्यात बसलाय," ती म्हणाली आणि डोळे पुसत बसली. मलाही रडू आलं. निघताना तिनं टॉमच्या पुस्तकाला पुन्हा कव्हर घालून मागितलं, त्याच लेबलाचं.

पुण्यात परतल्यावर सगळ्यांनी विचारलं, दुबईहून काय आणलंस? मी घडी घातलेली कव्हरं दाखवली. एक कमी आहे. मेलबर्नच्या विमानतळावरही कुणी विचारलं असेल का, या पुस्तकाला कागद का घातलाय, याची मला उगाच काळजी लागून राहते. पण हेलननं उत्तर दिलंच असेल. मळू नये म्हणून.