लालबागला, सुमाच्या ओटीला

देवगडहून निघालेली एस.टी. सकाळी परळला पोचली. पिशवीत नारळ, तांदूळ आणि हिरवा खण. धाकट्या बहिणीची, सुमाची, ओटी भरायची होती. तिच्या पोटात एकाच वारेवर वाढणारी जुळी होती. वारेतल्या जोडशिरांतून एकाचं रक्त दुसऱ्याकडे जायचं, म्हणून पाचव्या महिन्यात पोटात बारीक दुर्बीण घालून डॉक्टरांनी लेझरने त्या शिरा बंद केल्या होत्या. दोन्ही बाळं वाचली! मग सातव्यात ओटी झालीच पाहिजे, हा हट्ट माझा. थोरली ना मी, सगळ्यांत शहाणी!

लालबागच्या चाळीत तिचे सासरे गॅलरीत बसले होते. समोरच्या टॉवरकडे बोट करून म्हणाले, "थयसर माझो माग होतो (तिथे माझा माग होता). गिरणीच्या संपात गेलो (संपात गेला)." जेवायला बांगड्याचं तिखलं होतं. सुमाने माझ्याच ताटातला तुकडा पळवला, इतकी ती खुशीत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला पाटावर बसवलं. तीन सवाष्णींनी ओटी भरली आणि सुमा माझ्या कानाशी आली.

"ताई, ओलं लागतंय गं. पाणी गेलं तर लगेच या, म्हणालेत डॉक्टर." ती उठायला लागली.

मी तिचा खांदा दाबला. "बस गं. दोघीच राहिल्यात. अर्ध्या ओटीवरून उठू नये."

त्या दोघींचे उखाणे, हसणं, आरती. तास गेला. सुमा उठली तेव्हा पाट भिजला होता.

"टेन्शन नका घेऊ मावशी," टॅक्सीवाला म्हणाला आणि त्याने आम्हाला झटकन परळच्या इस्पितळात पोचवलं. दोन मुली झाल्या, तळहाताएवढ्या. पहिली तासाभरात गेली. दुसरी पाच दिवस काचेच्या पेटीत होती. मग तीही गेली.

"अशा शस्त्रक्रियेनंतर कधी कधी पाण्याची पिशवी लवकर फुटते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लवकर आला असतात तर वाचल्या असत्या, असं मी सांगू शकत नाही."

सुमा मला एका शब्दाने बोलली नाही. मेली भांडली असती तर बरं झालं असतं.

देवगडला स्टँडवर आई उभी होती. मी सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाईंचं बोलणंसुद्धा. "देवाची मर्जी," म्हणत आईने डोळे पुसले. मी मान हलवली. सुमा उठत होती आणि मी तिला बसवलं, एवढं मात्र मी आईला अजून सांगितलेलं नाही.