पोत्यांआडचं वायफाय

"माय, मोबाईलवर तुहा चेहराच अटकून राहते. घरी ब्रॉडबँडची लाइन घेऊन देतो," मुलगा पुण्याहून म्हणाला. निदान माझा चेहरा तरी कुठे अडकतोय, हे ऐकून मला जरा बरंच वाटलं.

वायरवाला आला, भिंतीला भोक पाडलं, दोन शिंगांची पांढरी पेटी टेबलावर ठेवली आणि "बाकीचं लेकाले विचारा" म्हणून निघूनही गेला. मग मुलगा फोनवर आणि मी चष्मा लावून जमिनीवर. पेटी उलटी कर, खालचं स्टिकर वाच, तो आकडा मोबाईलात टाक. तीनदा चुकले. चौथ्यांदा पेटीने हिरवा डोळा उघडला. नाव काय ठेवू, विचारलं तर "काहीबी ठेव" म्हणाला. मी धरणाखाली गेलेल्या आमच्या जुन्या गावाचं नाव ठेवलं. त्याने ते नाव एकदा स्वतःशी म्हणून बघितलं. मग म्हणाला, "पासवर्ड कोनाले देऊ नको."

"नाई देत बाबा."

संध्याकाळपर्यंत आमच्या आणि मागच्या ओळीतल्या सगळ्या घरांना मी तो देऊन आले होते. फाटकाबाहेरूनच, उभ्या उभ्या. आत कुणाच्याही गेले नाही.

खरं सांगायचं तर मला नेट नको होतं, माणसं हवी होती. आमच्या पुनर्वसनाच्या गावात घरं पट्टीने आखल्यासारखी आहेत. प्रत्येकाला आपलं कुंपण, आपलं फाटक. जुन्या गावात चार घरांना मिळून एक अंगण होतं. कुणी खोकलं तरी तिघींना कळायचं. इथे आमचे हे गेल्यानंतरची तीन वर्षं मी ओसरीत खुर्ची टाकून बसते आणि रस्ता बघते. वाटलं, पासवर्ड दिला की दोन शब्द बोलायला येतील. कुणी आलं नाही. कशाला येतील? नेट त्यांच्या खाटेपर्यंत पोचत होतं.

त्याच आठवड्यात शेतातलं धान घरी आलं. मधल्या खोलीत पोती रचली आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. पेटी उचलून पोत्यांच्या मध्ये, खाली जमिनीवर ठेवली. मोबाईल हातात धरून घराभोवती फिरले. ओसरीत नेटच्या रेघा दिसायच्या, पायरी उतरली की गायब. झकास.

"काकी, तुमचं नेट मरून राहिलं," दुसऱ्या दिवशी शेजारची सून म्हणाली.

"काय जाने बाई. ओसरीत येते, पाहा बसून."

चार दिवसांत ओसरी भरली. मी चहाचं मोठं पातेलं काढलं. पण सगळ्यांच्या माना खाली. "भाजी काय केली वं आज?" विचारलं तर "हूं." नऊ माणसं बसलेली आणि आवाज फक्त पंख्याचा. रिकामी ओसरी मला सवयीची होती. भरलेल्या ओसरीत एकटं बसणं नवीन होतं.

माझ्या घरी लोकांनी गर्दी केल्याची ही पहिली वेळ नाही. जुन्या गावात ह्यांच्या नोकरीमुळे पहिला टीव्ही आमच्याकडे आला. तेव्हाची मी म्हणजे काय थाट! नवीकोरी सून, नाकावर माशी बसू देत नव्हते. बायका-पोरं दाटीने बसली की मला सारवलेल्या जमिनीची काळजी. कंटाळा आला की गुपचूप आत जाऊन मेन स्विच पाडायची आणि बाहेर येऊन तोंड पाडून सांगायची, "लाइन गेली वं बाई." लोक मुकाट उठून जायचे. मग स्विच वर करून मी एकटीच टीव्ही बघायची. स्वतःला फार हुशार समजायचे.

मागच्या घरची बाई माझ्या वयाची, जुन्या गावातलीही शेजारीण. तिची लेक सुरतला दिली आहे. दुपारी दोघी मोबाईलवर एकमेकींना बघतात. बाईचे गुडघे गेलेले. तरी नेटसाठी ती काठी टेकत, कुंपण धरत ओसरीत यायला लागली. तिसऱ्या दिवशी पायरीवरच बसली. इतका दम लागला होता की लेकीने "माय, माय" केलं तरी तिला बोलता येईना.

दम ओसरल्यावर तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "पेटी कुठं लपवली वं?"

"कायले लपवू मी?"

"तवा बी तू बटन पाडत होतीस. तुह्या घरची लाइन जाये, अन् समोरच्या घरचा बलब जळत राहे. आम्ही का आंधळे होतो?"

"मंग बोलल्या काहून नाई?"

"बोललो असतो तं दुसऱ्या रोजी येऊ दिलं असतंस का?"

ती गेल्यावर मी पोत्यांमधून पेटी काढली, पदराने कोंडा पुसला आणि कपाटावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी ओसरीत कुणी नव्हतं. पातेलं पालथं घातलं. खुर्चीत बसून रस्ता बघितला. एक सायकल गेली, एक कुत्रं गेलं. मागच्या घरातून हसण्याचा आवाज आला, तिचा आणि मोबाईलातल्या लेकीचा. सात वर्षं मागे-पुढे राहतो, पण तिच्या घराची पायरी मी एकदाही चढले नव्हते. जुन्या गावातही नाही. लोकांनी माझ्याकडे यायचं, अशीच मला सवय.

चपला घातल्या आणि गेले.

ती खाटेवर होती, मोबाईल उशीला टेकवलेला. मला बघून म्हणाली, "काहून? आता तुह्या घरी नेट नाई येऊन राहिलं का?"

"येते ना. चांगलं येते."

"मंग?"

"बसाले आली."

तिने खाटेवरची गोधडी जरा सरकवली आणि पुन्हा लेकीशी बोलायला लागली. सुरतच्या पाण्याबद्दल, नातवाच्या दाताबद्दल. मी कडेला बसून राहिले. चहा कुणी विचारला नाही. मीही उठले नाही.