बाईंनी सर्व्हर बिघडवला नव्हता

नाशिकच्या आमच्या रुग्णालयात सर्व्हर रखडू लागला. केसपेपर निघेनात, म्हणून तो बसवून देणाऱ्या बाईंना मी मनमाडहून बोलावलं. सर्व्हर बसवला तेव्हा मी रजेवर होतो, म्हणून एवढीच आमची भेट. चपला दाराबाहेर काढून त्या आत आल्या. डिस्कचा दिवा लुकलुकायचा थांबत नव्हता. सेटिंग बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"काका, सगळी मेमरी डेटाबेसला कुणी दिली? एकानेच अख्खं टेबल अडवल्यावर बाकीच्यांनी कागद जमिनीवर मांडायचे का? म्हणून मशीन सारखं डिस्कवर धावतंय."

त्यांनी मर्यादा घातली आणि सर्व्हर पळू लागला. निघताना म्हणाल्या, "अहवालात खरं कारण लिहा हं. माझी पुढची कामं त्यावर आहेत."

सेटिंग मीच बदलली होती. तरी मी लिहिलं, 'बसवतानाच चूक झाली.' बाईंना कुणी विचारलंसुद्धा नाही! बाहेरचं माणूस दोषी, हे आम्हा सगळ्यांना सोयीचं होतं. त्यांचं काम गेलं.

परवा निवृत्त मंडळी जमली होती. एकजण म्हणाला, "ती मनमाडची मॅडम आठवते? सर्व्हरच झोपवला होता!" सगळे खिदळले. संताप याचा येतो, की मीही हसलो.