लीयाबाईंचा आवाज

लीयाबाई नागावकर वर्गात शिरल्या की आधी दिवे घालवायच्या. मग पडदे ओढायच्या, भिंतीवरचा भला मोठा स्मार्टबोर्ड काळा करायच्या आणि एखादा आवाज लावायच्या. वाळूवरून मागे सरणाऱ्या पाण्याचा, तडा जाणाऱ्या बर्फाचा, नाहीतर कुठल्याशा बाजारातला. "कुठे आहोत आपण?" एवढंच विचारायच्या. इयर एटची, म्हणजे बारा-तेरा वर्षांची, तीस मुलं, नुकतीच जेवणाच्या सुट्टीत एकमेकांना ढकलून आलेली, अंधारात कान देऊन बसायची. भूगोलाचा तास असा सुरू व्हायचा.

पूर्व लंडनमधल्या इल्फर्डच्या त्या शाळेत मी कॉम्प्युटिंग शिकवायला लागले. पहिल्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये आईशी फोनवर बोलत होते. फोन ठेवला तर समोरच्या खुर्चीतून करड्या केसांच्या बाई म्हणाल्या, "काय गो पोरी, पुण्याची काय तू?" मी दचकलेच. इल्फर्डमध्ये पंजाबी, उर्दू, तमिळ, बंगाली रोज कानावर पडतं. मराठी नाही.

त्या बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. घराणं अलिबागकडचं, जन्म भायखळ्याचा. नऊ वर्षांच्या असताना आईवडिलांबरोबर लंडनला आल्या, आणि त्यांची मराठी त्या वयातच थांबली. सगळी स्वयंपाकघरातली आणि अंगणातली. 'संकल्पना' म्हटलं की "म्हणजे काय गो?" विचारायच्या, पण नारळ कसा खवायचा यावर अर्धा तास बोलायच्या. "आई गेली नि मराठी बोलायला माणूसच उरलं नाही. पीटरला कळत नाही, मुलीला कळत नाही. मी आपली मनातल्या मनात बोलते," असं एकदा सांगितलं. पीटर म्हणजे त्यांचा इंग्लिश नवरा. तेव्हापासून रोज जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं आमची मराठीची झाली. सणासुदीला त्या पोह्यांचा गोड मलिदा डब्यात घालून आणायच्या आणि मी पहिला घास घेईपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या.

साठीच्या बाई म्हणून आम्ही तरुण शिक्षक त्यांना यंत्रांपासून जपायला गेलो, तर त्याच आमच्यापुढे होत्या. नद्या शिकवायच्या होत्या तेव्हा त्यांनी मुलांना टॅबलेट देऊन रोडिंग नदीवर नेलं आणि बजावलं, एकही फोटो काढायचा नाही, फक्त आवाज घ्यायचा. पुलाखाली घुमणारी गाडी, दगडाशी खळखळणारं पाणी, गवतातला वारा. वर्गात आल्यावर मुलांनी त्या आवाजांवरून नदीचा नकाशा काढला. शाळेने मात्र सगळ्या तुकड्यांसाठी एकच तयार स्लाइड्स ठरवल्या होत्या. तास बघायला आलेल्या उपमुख्याध्यापिका म्हणाल्या, "छान होतं, पण स्लाइड चौदा राहिली." लीयाबाई मला नंतर म्हणाल्या, "शिळं गरम करून रोज वाढलं तर पोरं जेवतील, पण भूक मरेल त्यांची."

त्यांच्या वर्गात दरवर्षी चार-पाच मुलं नुकतीच इंग्लंडमध्ये आलेली असायची. त्यांच्यासाठी लीयाबाई गळ्याशी छोटा मायक्रोफोन लावायच्या. त्या जसजशा बोलत तसतसं ते बोर्डाच्या तळाशी अक्षरांत उमटत जायचं. कानाला न कळलेला शब्द मुलांना डोळ्यांनी सापडायचा. कित्येक वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

एका जानेवारीत बोर्ड चुकायला लागला. त्या 'रिव्हर' म्हणाल्या की खाली 'लिव्हर' उमटायचं, 'कोस्ट'चं 'घोस्ट' व्हायचं. मुलं खदखदून हसायची, त्याही हसायच्या. "समुद्राकाठी भूत आलंय गो, बघ जरा," म्हणत त्यांनी मला बोलावलं. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात मी सगळं तपासलं. मायक्रोफोन बदलला. त्यांना वाचायला सांगितलं. चार चुका. मग तोच परिच्छेद मी वाचला. एकही चूक नाही. पुन्हा त्यांनी वाचला. पाच चुका.

मी बोर्डाकडे बघत राहिले. आता कान देऊन ऐकलं तेव्हा मलाही कळलं, त्यांचा 'स' जिभेवर ओला होऊन घसरत होता. रोज भेटत होते म्हणून लक्षात आलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "काय झालंय गो?"

मी म्हणाले, "सॉफ्टवेअर जुनं झालंय, लीयाबाई. नवं टाकते."

"बरं," त्या म्हणाल्या आणि पर्स उचलून गेल्या.

ते खोटं होतं. दातांचं काही असेल, थकल्या असतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. चार महिने गेले. मे महिन्यात चहा गिळताना त्यांना जोराचा ठसका लागला आणि पीटर त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला. मोटर न्यूरॉनचा, एकेक स्नायू निकामी करत नेणारा आजार निघाला, तोही जिभेपासून आणि घशापासून सुरू होणारा. आवाज जाणार होता आणि मागोमाग बाकीचं.

हॉस्पिटलमधल्या वाचा-तज्ज्ञ बाईंनी सांगितलं, यंत्राला तुमचा आवाज शिकवता येतो, तुम्ही टाइप कराल ते ते तुमच्या आवाजात बोलेल. फक्त चांगल्या आवाजातली रेकॉर्डिंग हवीत, आत्ताचा आवाज चालणार नाही. नशिबाने लॉकडाऊनमध्ये त्यांनी घरातून घेतलेले तास शाळेकडे जपलेले होते. डोंगर, वारे, ज्वालामुखी, तासन्‌तास. मीच ते सगळे काढून दिले. यंत्राने लीयाबाईंचा आवाज हुबेहूब उचलला. पण इंग्रजीतला. चांगल्या आवाजातली त्यांची मराठी कुठेच साठवलेली नव्हती. ती फक्त आमच्या जेवणाच्या सुट्टीत होती, आणि जानेवारीत ती अजून बरीचशी शाबूत होती.

सप्टेंबरमध्ये त्या टॅबलेट घेऊन वर्गात उभ्या राहिल्या. प्रश्न विचारला की आधी टाइप करायचं, मग आवाज. मध्ये मिनिट मिनिट शांतता. तीस मुलांच्या वर्गात ती कशी टिकणार याची मला धास्ती होती. लीयाबाईंनी त्या शांततेचाच धडा केला. अर्धं वाक्य वाजवायच्या, थांबायच्या, आणि उरलेलं मुलांनी पुरं करायचं. "हिमनदी सरकते कारण..." आणि पंधरा हात वर. त्यांचा विनोद मात्र उशिरा पोहोचायचा. मुलांना तो कळायचा, तरी ती वाट बघायची आणि यंत्र बोलल्यावर हसायची. अशी त्यांनी एक टर्म काढली. नाताळनंतर बोटंही साथ देईनात.

शाळा सोडण्याआधीच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला भूगोलाच्या नकाशांच्या खोलीत नेलं. यंत्राला मराठी येत नव्हती. रोमन अक्षरांत लिहिलं तर ते 'काय गो'चं काहीतरी भलतंच म्हणायचं. म्हणून उरल्यासुरल्या आवाजात काही मराठी वाक्यं नुसती साठवून ठेवायची, असं त्यांनी ठरवलं. "बटण दाबलं की वाजतील," अडखळत म्हणाल्या. "कुणासाठी? तुझ्यासाठीच गो."

मला राहवलं नाही. जानेवारीतली ती संध्याकाळ, मी वाचलेला परिच्छेद, सॉफ्टवेअरचं खोटं, सगळं सांगून टाकलं. "तेव्हाच बोलले असते, तर मराठीही नीट साठवता आली असती," म्हणताना मला रडू कोसळलं.

त्यांनी मला रडू दिलं. मग एकेक शब्द ओढत बोलल्या, "तुझं तोंड बघितलं, तेव्हाच कळलं. मीपण चार महिने बोर्डालाच शिव्या घातल्या ना?" ते खरं होतं की माझं ओझं उतरवायला म्हणाल्या, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आम्ही चौदा वाक्यं साठवली. नंतर त्यांच्या घरी जायचे तेव्हा त्या एका बोटाने बटण दाबून ती मला ऐकवायच्या. मार्चमध्ये त्या गेल्या. दोन दिवसांत दफन झालं. ज्यू रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने फावड्याने माती लोटली. मीही लोटली. पावसाने जड झालेली माती होती.

महिन्याभराने पीटरचा फोन आला. घरी गेले तर टेबलावर तो टॅबलेट होता. तो म्हणाला, "यंत्रातला तिचा आवाज मला ऐकवत नाही. फार स्वच्छ आहे. गेल्या वर्षी माझ्या शेजारी झोपायची ती बाई अशी बोलत नव्हती. ती या चौदा वाक्यांत आहे. मी रोज ऐकतो, पण ती काय म्हणते ते मला कळत नाही. सांगशील?"

एकेक वाक्य वाजवत मी त्याला इंग्रजीत अर्थ सांगत गेले. डबा आणलास का. खिडकी लाव, गार येतंय. आई बरी आहे का तुझी. पीटरचा चहा म्हणजे नुसतं पाणी. यावर तो हसला आणि त्याने चष्मा काढून पुसला. चौदावं वाक्य संपल्यावर मी टॅबलेट बंद करायला हात पुढे केला.

"अजून एक आहे," तो म्हणाला.

त्या दिवशी चौदाव्या वाक्यानंतर रेकॉर्डिंग थांबवायला मला उशीर झाला असणार. नकाशांच्या खोलीतली खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मग लीयाबाई, कुणालाच उद्देशून नाही अशा, हळू म्हणाल्या, "चल, पुरे. दमले मी."

"हे काय म्हणाली?" पीटरने विचारलं.

मी सांगितलं.

त्याने मान हलवली. "हो," तो म्हणाला. "फार दमली होती."