पोरीला ऊन कोणी दिलं नाही

धुळ्याच्या उन्हाबद्दल तक्रार करणारी माणसं मी जन्मभर ऐकली. चैत्र लागला की दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा फिरकत नाही, भिंतीला हात लावला तर चटका बसतो. अशा गावात माझ्या मुलीला ऊन मिळालं नाही म्हणून मुडदूस झाला. हाडं मऊ राहिली, पाय धनुष्यासारखे वाकले. कोणामुळे झालं ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे जे ठाऊक आहे ते खोटं आहे, आणि ते खोटं माझं आहे.

सुरुवात माझ्या रंगापासून करायला हवी. मी काळी. सावळी वगैरे नाही, काळी. माझे वडील जळगावला शाळामास्तर होते. मला बघायला चार ठिकाणची माणसं आली. एकाने तर पोहे खाऊन, हात पुसून, वडिलांना विचारलं, "मास्तर, धाकटी आहे का एखादी?" वडील हसले. ते हसणं मला त्या माणसाच्या प्रश्नापेक्षा जास्त लागलं. पाचव्यांदा जमलं ते ह्यांच्याशी. हे धुळ्याच्या कचेरीत कारकून, वर्णाने गोरे, घर एरंडोलजवळच्या खेड्यातलं, शेतीवाडीचं. लग्नानंतर ह्यांनी मला रंगावरून कधी बोलून दाखवलं नाही. पण स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी मुलगी झाली तेव्हा बाळंतिणीच्या खोलीच्या दारातून बघून म्हणाले, "माझ्यावर गेली. सुटली बिचारी."

सुटली. तो शब्द मी मनाशी धरून बसले. माझ्यातून सुटलेली ही पोर मी पुन्हा माझ्यासारखी होऊ देणार नव्हते.

तीन महिन्यांची पोर घेऊन मी जळगावहून धुळ्याला आले. भाड्याच्या दोन खोल्या होत्या, पुढे सामाईक अंगण. मागच्या खोलीला एकच खिडकी, पश्चिमेची. तिला मी जुन्या लुगड्याचा दुहेरी पडदा शिवला. पोरीला मनगटापर्यंत बाह्यांचं झबलं, डोक्याला टोपरं, पायांत मोजे. आंघोळीला साय आणि डाळीचं पीठ. बाहेर न्यायची ती दिवस मावळल्यावर, तीही पदराखाली. शेजारची बाई म्हणायची, "लोण्याचा गोळा आहे हो तुमची मुलगी. जपा, वितळायची." ते ऐकून मला बरं वाटायचं. इतकं बरं मला आधी कशानेच वाटलं नव्हतं.

माझ्या मदतीला म्हणून सासूबाई खेड्यावरून आल्या. उंच, हाडापेराच्या, उन्हाने करपलेल्या. गळ्यात तुळशीची माळ. लिहिता-वाचता येत नव्हतं आणि बोलणं सगळं अहिराणी; मुलाला त्या ‘भाऊ’ म्हणायच्या, मला ‘बाय’. शेजारणींसमोर त्या बोलायला लागल्या की मला चोरट्यासारखं व्हायचं. मी शहरी शुद्ध बोलून ते झाकायला बघायची.

आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी पाणी भरून परत येते तर अंगणात पाट मांडून त्या बसलेल्या, पाय लांब केलेले. पायांवर माझी पोर, उघडी, तेलाने निथळणारी, कोवळ्या उन्हात हातपाय झाडत असलेली. सासूबाई तिच्या मांड्या चोळत होत्या आणि काहीतरी गुणगुणत होत्या.

मी घागर तिथेच टेकवली आणि पोर उचलली.

"आत्याबाई, हे काय चाललंय?"

"काय व्हयनं? ऊन दी राहिनू पोरले."

"काळी होईल ना ती!"

त्यांनी माझ्याकडे खालून वर पाहिलं. मग हसल्या. "कायी व्हई ते व्हई. हाडे ते पक्का व्हतीन."

"ही काही शेतातली पोर नाही."

"मना सात पोरे वावरमाच वाढनात, बाय. तुना नवरा बी. तो काय कायवंडी गया का?"

शेजारीण दारात उभी राहून ऐकत होती, तोंडाला पदर लावून. सासूबाईंच्या बोलण्याला ती हसली की मला, कळलं नाही. मला वाटलं, मलाच. मी म्हणाले, "आत्याबाई, तुम्हाला इथलं काही कळत नाही. पुन्हा तिला अंगणात आणायचं नाही. माझी शपथ आहे."

शपथ म्हटल्यावर त्या गप्प झाल्या. तेलाचे हात आपल्याच पिंढऱ्यांना पुसले आणि पाट उचलून ठेवला. त्यानंतर त्या रोज सकाळी अंगणात एकट्याच बसायच्या. ऊन सरकेल तसा पाट सरकवायच्या. मी पडद्याआडून बघायची. माझं म्हणणं चाललं याचं मला समाधान होतं.

वर्ष झालं. पोर गोरीपान राहिली. दात मात्र एकच आला होता. झोपेत कपाळाला घाम यायचा, उशी भिजायची. पोट पुढे आलं. मनगटं गाठीसारखी जाड दिसायची, मी त्याला बाळसं म्हणायची. सव्वा वर्षाची झाली तरी उभी राहीना. धरून उभी केली की पाय बाहेरच्या बाजूला वाकायचे आणि ती रडत खाली बसायची. आता शेजारीण म्हणायची, "लोण्याचा गोळा उभा कधी राहणार हो?"

सासूबाईंनी एकदा तिच्या नडगीवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. बोलल्या काही नाहीत. माझी शपथ होती.

दीड वर्षाची झाल्यावर हे पोरीला, सासूबाईंना आणि मला घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर मोठ्या गावाहून शिकून आलेले, तडफदार, बोलायला तोडून टाकणारे. सासूबाई बाहेर बाकावर बसल्या. डॉक्टरांनी पोरीची टाळू दाबली, बरगड्यांवरून हात फिरवला, मनगटं पाहिली.

"मुडदूस," ते म्हणाले. "दूध काय पाजता?"

"अंगावरचं."

"वरचं काही?"

"थोडा भात. मऊ."

"आणि ऊन?"

मी पोरीचं झबलं खाली ओढलं.

"अहो, ऊन! शरीरात ड जीवनसत्त्व तयार होतं ते कातडीवर ऊन पडल्यावर. ते नसेल तर चुना हाडात धरत नाही, खाल्लेलं वाया जातं. बाहेर काढता का मुलीला? उघड्या अंगाने?"

हे माझ्याकडे बघत होते. हे सकाळी दहाला कचेरीत जायचे आणि दिवेलागणीला यायचे. घरात दिवसभर काय चालतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी मान खाली घातली आणि म्हणाले, "आत्याबाई काढू देत नाहीत. नजर लागते म्हणतात."

हे वाक्य मी आधी ठरवलं नव्हतं. पण ते तोंडातून इतकं नीट, इतकं सरळ आलं, की जणू वर्षभर जिभेवर तयार होतं.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "ह्या म्हाताऱ्या! खानदेशात राहून लेकराला ऊन मिळालं नाही, हे मी बाहेर कुठे सांगितलं तर लोक मला वेड्यात काढतील." मग चिठ्ठी लिहिली. माशाच्या काळजाचं तेल, रोज दोन वेळा चमचा चमचा. सकाळचं ऊन, अंगावर कपडा न ठेवता. "पडद्यातून आलेलं नाही चालायचं, काचेतून आलेलं नाही चालायचं. आणि आजीबाईंना बजावा, माझं नाव सांगून."

घरी आल्यावर हे जोडे न काढता म्हणाले, "माय, तुझ्या अडाणीपणाने माझ्या पोरीचे पाय गेले. नजर लागते म्हणून तिला अंधारात कोंडून ठेवलीस?"

सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी आधी ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पोरीचं टोपरं काढत होते. गाठ सुटत नव्हती. मला वाटलं, आता त्या बोलणार. बोलल्या असत्या तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. बहुतेक आणखी खोटं बोलले असते.

"हां भाऊ," त्या म्हणाल्या. "मनंच चुकनं."

बस. एवढंच.

दुसऱ्या दिवशी बाटली आली. झाकण उघडलं आणि मी पदर नाकाला लावला. तो वास दोन्ही खोल्यांत भरला. मला चमचाही धरवेना. माळकरी सासूबाईंनी, ज्यांनी जन्मात मासा शिवला नव्हता, बाटली माझ्या हातून घेतली. पोरीला मांडीवर आडवी धरली, दोन बोटांनी गाल दाबले आणि तेल घातलं. मग बाटली बंद करून दुसऱ्यांदा आंघोळीला गेल्या. दोन वेळचं तेल, दोन वेळची जादा आंघोळ. शेजारीण म्हणाली, "माळकरी बाई कोळीण झाली की हो!" सासूबाई नुसत्या हसल्या. सकाळी तेच अंगण, तोच पाट, त्यांच्या पायांवर उघडी पोर. आता मी अडवत नव्हते. उलट हे कचेरीत निघताना दारातून बजावायचे, "माय, डॉक्टरांनी सांगितलंय तसंच कर हां. आपलं डोकं चालवू नकोस." आणि ज्या बाईने आल्या आल्या हेच केलं होतं ती म्हणायची, "व्हय भाऊ."

मी तिथेच दारात उभी असायची.

तीन-चार महिन्यांत पोर भिंतीला धरून उभी राहिली. वैशाखात चालली. रंगाने रापली होती. हाडं धरली, पण वाकडी धरली. उजवा पाय पुढे बराच सरळ झाला, डावा झाला नाही. ती चालते तेव्हा अंग एका बाजूला हेलकावतं, अजून.

पोर चालायला लागली त्या आठवड्यात सासूबाईंनी बोचकं बांधलं. हे एसटीपर्यंत पोचवायला गेले. परत आल्यावर म्हणाले, "बरं झालं. आता घरात शहाणपणाने वागता येईल."

पुढे मुलगा झाला. मी एकदा म्हटलं, आत्याबाईंना बोलवू या का? हे म्हणाले, "एकदा झालं तेवढं पुरे." नातू सासूबाईंच्या मांडीवर बसला तो फक्त बारशाला, घटकाभर. तोही ह्यांच्या नजरेखाली. त्यांनी त्याच्या टोपऱ्यालासुद्धा हात लावला नाही. घरातला कुठलाही निर्णय असो, धाकट्या दिराचं लग्न असो की विहिरीची दुरुस्ती, सासूबाई काही सुचवायला लागल्या की हे म्हणायचे, "माय, तू राहू दे." ह्यांचे सगळे भाऊही तसंच म्हणायला लागले. सुनाही. सात पोरं वाढवलेली बाई आपल्याच घरात गप्प बसून राहिली.

एकोणसाठच्या हिवाळ्यात त्या अंथरुणाला खिळल्या. मी चार दिवसांसाठी गेले. घराच्या मातीच्या धाब्याखाली खाट होती. एका दुपारी बाकीच्या बाया कापूस वेचायला गेल्यावर मी त्यांच्याजवळ बसले आणि सांगून टाकलं. डॉक्टरांपुढे मी काय म्हणाले ते, शब्द न बदलता.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "माले तव्हयच समजनं व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलनी असती ते त्यानी तुले माहेरले धाडी दिधं असतं. पोरले माय लागस. आजी नही ऱ्हायनी तरी चालस."

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय ओढून घेतले, जेवढे ओढता आले तेवढे.

"पन तुना राग शे माले," त्या म्हणाल्या. "तो ऱ्हाई."

महिन्याभराने त्या गेल्या. मी ह्यांना तोवर काही सांगितलं नव्हतं. तिथून आल्यावर रोज ठरवायची, रोज राहून जायचं. मला कोणी अडवलं नव्हतं.

पुढच्या वर्षी, मुलगी अकरा वर्षांची असताना, शाळेतल्या कवायतीतून तिला बाजूला काढलं. ती घरी येऊन ह्यांच्यापुढे उभी राहिली. "बाबा, माझा पाय असा का?"

हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "तुझ्या आजीची कृपा. अडाणी माणूस. लहानपणी उन्हातच येऊ दिलं नाही तुला."

मी पोळ्या लाटत होते. लाटणं ठेवलं, हात पुसले, बाहेर आले आणि म्हणाले, "त्यांनी नाही. मी. त्या आल्यापासून ऊन द्या म्हणत होत्या. तू काळी होशील म्हणून मी दिलं नाही. डॉक्टरांना मी खोटं सांगितलं."

मग ह्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. त्यांचे डोळे भरून आले होते. लग्नानंतर मी ते पहिल्यांदा पाहिलं.

"ऐकलंस?" ते मुलीला म्हणाले. "गेलेल्या सासूचं नाव खराब होऊ नये म्हणून तुझी आई दोष स्वतःवर घेतेय. अशी सून शोधून सापडणार नाही."

मी म्हणाले, "अहो, खरंच सांगते."

"कळलं मला," ते म्हणाले. "कळलं. जा, पोळी करपतेय."

मी पुन्हा सांगायला हवं होतं. ओरडून, शेजारणीला साक्षीला बोलावून. पण ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते तसं मला जन्मात कोणी बघितलं नव्हतं. मी आत गेले आणि पोळी उलटली. ती गोष्ट ह्यांनी नंतर भावांना सांगितली, कचेरीत सांगितली. त्या दिवाळीला धाकट्या जावेने माझ्या पाया पडताना ती मला ऐकवली. मी तिला आशीर्वाद दिला.

मुलगी मात्र त्या दिवशी माझ्या हातांकडे बघत होती. तिचा विश्वास कोणावर बसला, मी अजून विचारलेलं नाही. हे लिहिलेले कागद मी आधी तिला देणार आहे.